खालच्याला नेट आहे, वरच्याला नाही: एकाच कनेक्शनवरचे दोन कॉम्प्युटर

आधी प्रश्न परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. साताऱ्यात शाहूपुरीत दुमजली घर, खाली वडिलांचा डेस्कटॉप, वरच्या खोलीत ह्या पोराचा स्वतःचा. फायबरचं कनेक्शन एकच, गल्लीतल्या केबलवाल्याकडून घेतलेलं, त्याने दिलेल्या डब्याला वायफाय नाही, लॅनचं भोक एकच. ते खालच्या कॉम्प्युटरला लावलंय, तो युजरनेम-पासवर्ड टाकून कनेक्ट होतो, त्याच्यात दुसरं लॅन कार्ड घालून तिथून केबल जिन्यावरून वर नेलीये आणि विंडोजमधून नेट शेअर केलंय. खालच्याला कायम व्यवस्थित चालतं. वरच्याला कधी 'नो इंटरनेट' येतं, कधी गूगल उघडतं पण बँकेची आणि कॉलेजची साईट उघडत नाही, आणि लाईट जाऊन आली की सगळंच बंद, मग वडिलांना शेअरिंगची टिक काढून परत मारायला लागते. केबलवाला म्हणतो आमच्याकडनं ओके आहे.

तू सेकंड इयरला आहेस म्हणतोस, म्हणजे माझ्या पोरापेक्षा लहान, तेव्हा अरेतुरे करतो, राग मानू नको.

केबलवाल्यावर चिडू नकोस, ह्या वेळी तो खरं बोलतोय. एका लाईनवर दोन मशीन आहेत आणि त्यातलं एक सुरळीत चाललंय म्हणजे खांबापासून खालच्या कॉम्प्युटरपर्यंत सगळं शाबूत आहे, खोट आहे ती त्याच्या शेअरिंगपासून वरच्या टेबलापर्यंतच्या तीस-चाळीस फुटात. त्याला बोलावलंस तर तो येणार, डबा बंद-चालू करणार, खालच्या मशीनवर स्पीड टेस्ट दाखवणार, चहा पिणार आणि जाणार. तो कधी लागेल ते खाली सांगतो, कारण एकदा लागणारच आहे.

आता महत्त्वाचं. तू तीन तक्रारी एका दमात लिहिल्यास आणि तुला वाटतंय की कुठंतरी एकच काहीतरी बिघडलंय. तसं नाहीये. 'नो इंटरनेट' हा एक आजार, 'काही साईट उघडतात काही नाही' हा दुसरा, आणि 'लाईट गेली की बंद' हा तिसरा, आणि तिघांचा एकमेकांशी जवळजवळ काही संबंध नाही. माझ्याकडे येणारी निम्मी माणसं इथंच फसलेली असतात, एक उपाय करतात, तो लागूही पडतो, पण दुसरी तक्रार तशीच राहते म्हणून म्हणतात उपाय चालला नाही आणि केलेलं परत उलटं फिरवतात, मग आधी एक होतं तिथं दोन बिघाड होतात. तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलली की वहीत लिहायची, मोबाईलवर नाही, वहीत.

वर जा, स्टार्टमध्ये सीएमडी टाईप कर, काळी खिडकी उघडेल. तिथं आयपीकॉन्फिग टाईप करून एंटर मार. (टाईप सगळं इंग्रजी अक्षरातच करायचं, मी इथं उच्चार लिहितोय.) बऱ्याच ओळी येतील, त्यातली इथरनेटच्या खालची बघ. तीनपैकी एक काहीतरी दिसेल.

'मीडिया डिस्कनेक्टेड' दिसलं तर विषयच संपला, केबल लागलेलीच नाही, किंवा तुटलीये, किंवा खालच्या टोकाची क्लिप मोडलीये आणि ती नुसती भोकात टेकून बसलीये. लॅनची पिन नीट बसली की टक असा आवाज येतो, तो आला पाहिजे, आणि कार्डाच्या मागचा बारीक दिवा लागला पाहिजे.

आयपीव्ही४ च्या समोर १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसला तर केबल ठीक आहे पण पत्ता द्यायला पलीकडे कोणी नाही. हे नीट समजून घे. नेटवर्कमधल्या प्रत्येक मशीनला एक पत्ता लागतो, आणि तो द्यायचं काम तुमच्या घरात खालचा कॉम्प्युटर करतो, शेअरिंग चालू केलं की तो वाढपी होतो. वरचा ताट मांडून बसतो, ओरडतो पत्ता द्या पत्ता द्या, थोडा वेळ वाट बघतो, आणि कोणीच वाढायला आलं नाही की स्वतःच्या मनाने एक पत्ता घेऊन बसतो, तो हा १६९.२५४ चा. त्या पत्त्यावर बाहेरचं काहीही चालत नाही. तेव्हा हा आकडा दिसला की वरच्या मशीनवर एकही सेटिंग बदलायचं नाही, वरच्याचा दोष नाही, खाली जायचं.

आणि १९२.१६८.१३७ ने सुरू होणारा आकडा दिसला तर शेअरिंग चालू आहे, वाढपी हजर आहे. विंडोज ७ पासून पुढं शेअरिंगचा मालक कॉम्प्युटर स्वतः १९२.१६८.१३७.१ होतो आणि बाकीच्यांना त्याच रांगेतला नंबर देतो. एक्सपीच्या काळात हाच पत्ता १९२.१६८.०.१ असायचा, त्यामुळे इंटरनेटवर जुनी माहिती वाचून कोणी वरच्या मशीनला हाताने १९२.१६८.०.२ टाकून ठेवलं असेल तर ते कधीच चालणार नाही. वरच्या मशीनचा पत्ता 'ऑटोमॅटिक' वरच ठेव, हाताने काही टाकू नको.

ही शेअरिंगची सोय पहिल्यांदा आली ती १९९९ साली विंडोज ९८ च्या सेकंड एडिशनमध्ये. आम्ही त्या काळात एका ५६ केबीपीएसच्या मोडेमवर चार कॉम्प्युटर लावून पोरांना ईमेल उघडून द्यायचो, एकाने फोटो उघडला की बाकीचे तिघं भिंतीकडं बघत बसायचे. असो.

पत्ता बरोबर आला तर पुढची पायरी. त्याच खिडकीत पिंग, स्पेस, ८.८.८.८ टाकून एंटर, म्हणजे बाहेरच्या एका मशीनला हाक मारून ओ येते का बघायचं. उत्तर आलं तर वरचा कॉम्प्युटर खालच्यातून जाऊन बाहेरच्या जगापर्यंत पोचतोय. मग पिंग करून एखाद्या साईटचं नाव टाक. आकड्याला उत्तर येतंय आणि नावाला 'कुड नॉट फाईंड होस्ट' येतंय तर रस्ता आहे पण नावावरून पत्ता सांगणारा नाही, म्हणजे डीएनएस. वरच्या कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपीव्ही४ मध्ये जाऊन पत्ता ऑटोमॅटिकच ठेव आणि फक्त डीएनएस हाताने टाक, पहिला ८.८.८.८, दुसरा १.१.१.१, काम झालं. एक सावधगिरी, पुष्कळ लोक आधी खालच्या मशीनला म्हणजे १९२.१६८.१३७.१ ला पिंग करतात आणि उत्तर आलं नाही की हाय खातात. खालच्या विंडोजचा फायरवॉल, म्हणजे आतला राखणदार, पिंगला उत्तर देऊ देत नाही असं सर्रास होतं, नेट मात्र चालू असतं. त्या एका गोष्टीवरून काही ठरवू नको, सरळ बाहेरचं पिंग कर.

आता खालच्या मशीनवर काय चुकतं ते. विंडोज आणि आर एकदम दाबून एनसीपीए डॉट सीपीएल टाईप कर, सगळी कनेक्शनं एका खिडकीत दिसतात. तुमच्याकडे तीन दिसली पाहिजेत, एक डब्याकडून येणारं कार्ड, एक वर जाणारं कार्ड, आणि तिसरं ते युजरनेम-पासवर्डवालं ब्रॉडबँड कनेक्शन. शेअरिंगची टिक कुठं मारायची? नव्वद टक्के लोक डब्याकडून येणाऱ्या कार्डावर मारतात. चूक. तुमच्याकडे नेट कार्डातून येत नाही, ते त्या डायल केलेल्या कनेक्शनमधून येतं, कार्ड नुसता दरवाजा आहे. टिक त्या ब्रॉडबँड कनेक्शनच्या शेअरिंग टॅबवर मारायची आणि खालच्या यादीत 'होम नेटवर्क' म्हणून वर जाणारं कार्ड निवडायचं. दोन्ही कार्डांची नावं 'इथरनेट' आणि 'इथरनेट २' अशी असतात म्हणून घोळ होतो, राईट क्लिक करून रीनेम कर, एकाला 'डबा' म्हण, दुसऱ्याला 'वर'. हसू नको, मी गिऱ्हाईकांच्या मशीनवर असंच लिहून येतो आणि दोन वर्षांनी गेलो तरी मलाच बरं पडतं.

पण तू 'कधी कधी' नो इंटरनेट येतं म्हणतोस. कायम येत असतं तर टिक बघ म्हणलो असतो, कधी कधी म्हणलं की माझा हात आधी केबलकडं जातो.

ह्याच्यावर एक सांगतो, थोडं लांबेल. मंगळवार पेठेत एक जुना वाडा आहे, मातीच्या दोन-दोन फुटी भिंती, वायफाय एका खोलीतनं दुसऱ्या खोलीत जात नाही म्हणून पुढच्या सोप्यातून मागच्या खोलीत केबल नेलेली. तिथला मुलगा रोज फोन करायचा, काका संध्याकाळी नेट जातंय. मी दुपारी जायचो, चालू असायचं. तीनदा गेलो. कार्ड बदललं, पिना दोन्हीकडच्या नव्या मारल्या, पुढच्या मशीनचं विंडोज नवं टाकलं, तरी संध्याकाळी फोन हजर. चौथ्यांदा मुद्दाम सहाला गेलो आणि बसलो. सातच्या सुमाराला आजी उठल्या, देवापाशी दिवा लावला, आणि जाऊन मागचं दार लावून घेतलं. तिकडून मुलगा ओरडला, गेलं! दिवेलागणीला मागचं दार बंद ठेवायचं, लक्ष्मी पुढून येते ती मागून जायला नको, हे आपल्याकडं घरोघरी आहे. केबल त्या मागच्या दाराच्या उंबऱ्यावरनं गेलेली, पावसाळ्यात सागवानी दार फुगलेलं, लावलं की कोपऱ्यात केबल चेपायची आणि आतली एक तार सुटायची. सकाळी दार उघडलं की परत चिकटायची. आजी नंतर म्हणाल्या, मी म्हणतच होते दिवा लावला की ह्याचं बंद पडतं, पण ऐकतंय कोण.

केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्या. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोनच जोड्या लागतात, १, २, ३ आणि ६ नंबरच्या पिनांवरच्या. गिगाबिटला म्हणजे हजार एमबीपीएसला चारही लागतात. म्हणून निळी किंवा तपकिरी जोडी तुटली तर बहुतेक वेळा नेट बंद पडत नाही, नुसतं शंभरवर येऊन बसतं आणि कोणाला पत्ता लागत नाही. पण नारिंगी किंवा हिरवी गेली की खेळ खलास. रंगांचा क्रम पाठ करून टाक, पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, दोन्ही टोकांना हाच. निळी जोडी हिरवीच्या मधे बसते ते बरोबर आहे, सरळ जोड्याजोड्यांनी लावली तर जवळ चालल्यासारखी वाटते आणि लांब गेली की रडते. आणि क्रॉस केबल पाहिजे म्हणून कोणी सांगितलं तर सोडून दे, हल्लीची कार्डं स्वतःच उलटसुलट ओळखून घेतात.

तुझी केबल जिन्यावरून गेलीये. जिन्याच्या दाराखाली, खिळ्याखाली, कपाटाच्या पायाखाली कुठं चेपलीये का हाताने चाचपत बघ, लाईटच्या वायरीच्या पाईपात कोंबली असेल तर बाहेर काढ. वरच्या खिडकीत पिंग ८.८.८.८ च्या पुढं स्पेस देऊन डॅश टी टाकलंस तर पिंग चालूच राहतं, ते चालू ठेवून एकाला केबल ठिकठिकाणी हलवायला सांग. हलवली की 'टाईम्ड आऊट' येतंय ती जागा सापडली. वडिलांना सांगू नको, बहिणीला सांग, वडील केबल ओढतात.

आता दुसरा आजार, गूगल उघडतं पण बँक आणि कॉलेज उघडत नाही. लोकांना वाटतं साईटच बंद आहे, पण खालच्या मशीनवर तीच साईट त्याच क्षणाला उघडते, म्हणजे साईट बंद नाही.

इथं आधी बघायचं की नेमकं काय दिसतं. ब्राउझर लाल इशारा देतोय, कनेक्शन सुरक्षित नाही, सर्टिफिकेट (साईटचं ओळखपत्र) चुकीचं, असं काही? मग उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ बघ. जुन्या मशीनचा मदरबोर्डवरचा बटनासारखा सेल संपला की मेन स्विच बंद केल्यावर तारीख पाच-दहा वर्षं मागं जाते, आणि आज दिलेलं सर्टिफिकेट त्या मशीनला भविष्यातलं वाटतं म्हणून ते साईट उघडूच देत नाही. सीआर २०३२ नंबरचा तीन व्होल्टचा सेल, घड्याळाच्या दुकानातसुद्धा मिळतो, अगदी किरकोळ पैशात. ह्या एका सेलपायी पूर्ण फॉरमॅट मारलेली मशीन मी बघितलीत.

इशारा काही नाही, नुसतं गोल फिरत बसतं, कधी अर्धं पान येऊन थांबतं? तर ते एमटीयू आहे, आणि तुमच्या सेटअपमध्ये माझा संशय ह्याच्यावरच जास्त आहे.

ऊस हंगामात बघितलंस ना, ट्रॉल्या किती उंच भरतात, रेल्वेच्या बुटक्या पुलाखाली आल्या की वरच्या मोळ्या अडकतात. रिकामी ट्रॉली खुशाल जाते, मोटारसायकल जाते, भरलेली अडकते. इंटरनेटवरचा डेटा असाच ट्रॉल्यांनी येतो, साध्या लॅनवर एका ट्रॉलीत जास्तीत जास्त १५०० बाईट भरता येतात, ह्याला एमटीयू म्हणतात. पण तुमचं युजरनेम-पासवर्डवालं कनेक्शन, ज्याला पीपीपीओई म्हणतात, ते प्रत्येक ट्रॉलीवर स्वतःची आठ बाईटची चिठ्ठी लावतं, म्हणजे तुमच्या पुलाखालून मालाची ट्रॉली १४९२ चीच जाते. खालच्या कॉम्प्युटरला हे माहीत आहे, कारण डायल तोच करतो, तो समोरच्याला आधीच सांगतो की बाबा कमी भर. वरच्याला माहीत नाही, तो लॅनला जोडलेला आहे, तो समोरच्याला सांगतो माझ्याकडं पूर्ण भरलेली पाठवली तरी चालेल. बँकेचा सर्व्हर ठासून भरतो, ट्रॉली पुलाशी अडकते, आणि 'अडकली, कमी भरून पाठव' असा निरोप उलटा जातो. आता बऱ्याच ठिकाणी सुरक्षेच्या नावाखाली असले निरोप फायरवॉलवर अडवलेले असतात. सर्व्हरला कळतच नाही, तो तेवढीच ट्रॉली परत परत पाठवतो, तुझ्याकडं गोल फिरत राहतं. ज्या साईटपर्यंत निरोप पोचतो त्या उघडतात.

तपासायचं कसं, तर वरच्या काळ्या खिडकीत पिंग, स्पेस, डॅश एफ, स्पेस, डॅश एल, स्पेस, १४७२, स्पेस, १.१.१.१. डॅश एफ म्हणजे तुकडे करू नको, डॅश एल च्या पुढचा आकडा म्हणजे माल. मालावर २८ बाईट वेष्टन चढतं, म्हणून १४७२ म्हणजे पूर्ण १५००. हे गेलं नाही, 'फ्रॅगमेंट' शब्द असलेला मेसेज आला किंवा टाईम्ड आऊट झालं, आणि १४७२ च्या जागी १४६४ टाकल्यावर गेलं, की पक्कं झालं, कारण १४६४ अधिक २८ बरोबर १४९२. मग सीएमडी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघड आणि एका ओळीत टाईप कर, नेटएसएच इंटरफेस आयपीव्ही४ सेट सबइंटरफेस, मग डबल अवतरणात तुझ्या वरच्या कार्डाचं नाव, मग एमटीयू बरोबर १४९२, मग स्टोअर बरोबर पर्सिस्टंट. बरोबरच्या जागी बरोबरचं चिन्ह आणि त्याच्या आजूबाजूला जागा सोडायची नाही. 'ओके' येईल. कॉलेजची साईट रिफ्रेश कर.

मला हे पहिल्यांदा कळायला आठ महिने लागले होते, तोपर्यंत मी लोकांना ब्राउझर बदलून देत होतो.

तिसरा, लाईटचा. हा तुमचा दोष नाही आणि वायरमनचा तर नाहीच नाही. विंडोज १० च्या मधल्या एका व्हर्जनपासून शेअरिंगची सर्व्हिस कॉम्प्युटर रीस्टार्ट झाला की स्वतःहून उठत नाही, टिक मारलेली दिसते पण आत काम बंद. म्हणून वडिलांनी टिक काढून लावली की चालू होतं. दोन गोष्टी कर. सर्व्हिसेस डॉट एमएससी उघडून त्यात इंटरनेट कनेक्शन शेअरिंग नावाची सर्व्हिस शोध आणि तिचा स्टार्टअप टाईप ऑटोमॅटिक कर. मग रेजएडिट उघड, त्यात रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांची वही दिसते, लोकल मशीनच्या खाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, शेअर्डॲक्सेस असा आत जा, तिथं नवीन डीवर्ड बनव, नाव एनेबलरीबूटपर्सिस्टकनेक्शन, सगळं जोडून, किंमत १. मशीन रीस्टार्ट. रजिस्ट्रीत दुसऱ्या कशाला हात लावू नको आणि आधी बॅकअप घे, फाईल मेनूत एक्सपोर्ट आहे.

ह्याच्यातच अजून एक पाचर आहे. लाईट धाडकन गेली की खालचा कॉम्प्युटर नीट लॉगआऊट होत नाही, आणि पलीकडच्या सर्व्हरवर तुमचं जुनं सेशन तसंच लटकून राहतं. एका युजरनेमवर एकच लॉगिन चालतं, त्यामुळे लाईट आल्या आल्या डायल केलं की ६९१ नंबरची एरर येते, पासवर्ड चुकीचा असल्यासारखी. पासवर्ड बदलत बसू नको, पाच-दहा मिनिटं थांबून परत डायल कर. ह्याच कारणाने कोणी तुला म्हणालं की साधा स्विच आणून दोन्ही मशीन डब्याला लाव, तर ते चालणार नाही, एक आत असला की दुसऱ्याला बाहेर काढतील.

हे सगळं सांगून झाल्यावर आता माझं खरं मत. हे सगळं करू नको. म्हणजे आज रात्रीपुरतं कर, सबमिशन असेल तर, पण आठवड्याभरात एक राऊटर आण. हजार-दीड हजाराच्या आसपास साधा चांगला येतो. तुला नेट पाहिजे म्हणून वडिलांचा कॉम्प्युटर दिवसरात्र चालू, तो ८० वॉट जरी धरला तरी चोवीस तासाला जवळजवळ दोन युनिट, महिन्याला ५८ च्या आसपास. राऊटर १० वॉटचा धर, महिन्याला सात युनिट. वडिलांना हा हिशोब दाखव, पैसे तेच देतील.

डब्याची केबल राऊटरच्या वॅन भोकात, म्हणजे बाहेरून नेट आत येतं त्या, त्याचा रंग बहुतेक वेळा वेगळा असतो, आणि दोन्ही कॉम्प्युटर लॅन भोकांत. राऊटरच्या पानावर कनेक्शनचा प्रकार पीपीपीओई निवडून युजरनेम-पासवर्ड तिथं टाकायचा, कॉम्प्युटरवरचं डायल काढून टाकायचं, शेअरिंगची टिक काढायची, वर जे १४९२ केलंस ते राहिलं तरी बिघडत नाही, राऊटर स्वतःच ट्रॉलीची उंची सांभाळतो. लाईट आली की तोच डायल करतो. वाढपी एकच राहतो. पुढं कधी केबलवाल्याने डबा बदलून वायफायवाला दिला तर मात्र लक्ष ठेव, तो डबाही पत्ते वाटतो आणि तुझा राऊटरही, आणि चुकून केबल वॅनऐवजी लॅनमध्ये गेली तर एका पंगतीत दोन वाढपी होतात, एकजण भात वाढतो दुसरा जिलेबी, अर्ध्या मशीनना चुकीचा रस्ता मिळतो आणि ते शोधायला पुन्हा माझ्यासारखाच कोणीतरी लागतो.

आणि इथं केबलवाल्याला फोन करायचा. बऱ्याच जणांकडे कनेक्शन पहिल्या मशीनच्या मॅक ॲड्रेसला, म्हणजे लॅन कार्डाच्या स्वतःच्या नंबराला, बांधलेलं असतं, राऊटर लावला की सगळं बरोबर असून लॉगिन होत नाही. त्याला फक्त एवढंच म्हण, मॅक रिलीज करा, राऊटर लावलाय. दोन मिनिटांचं काम आहे. तो आढेवेढे घेत असेल तर राऊटरमध्ये 'मॅक क्लोन' म्हणून पर्याय असतो, त्यात खालच्या कॉम्प्युटरच्या कार्डाचा नंबर टाक. दुसऱ्या वेळी फोन कधी करायचा, तर डब्यावर लॉस लिहिलेला दिवा लाल झाला की, तो लाल म्हणजे फायबरमधून उजेडच येत नाहीये, कुठंतरी ट्रॉलीने नाहीतर झाडाने तोडलीये, तिथं तू घरात काहीही केलंस तरी उपयोग नाही. दिवा लाल नाही पण लाईन सारखी तुटते तर त्याला मीटर लावून फायबरमधल्या उजेडाची पॉवर किती येते विचार, ती डीबीएममध्ये मोजतात, उणे २७ डीबीएमच्या खाली गेलेली असेल तर जोड परत करायला सांग.

स्पीडचं तू विचारलं नाहीस पण विचारशील. १०० एमबीपीएसचा प्लॅन म्हणजे डाऊनलोडच्या खिडकीत सेकंदाला साडेबारा एमबी, कारण आठ बिटांचा एक बाईट, त्यावरून केबलवाल्याशी भांडू नको. आणि तू वरून मोठा व्हिडिओ अपलोडला लावलास की खाली वडिलांचा व्हिडिओ कॉल अडखळणार, अपलोडची वाट भरली की कॉलचे बारीक पुडके रांगेत उभे राहतात. अपलोड रात्री लाव, नाहीतर राऊटरमध्ये तुझ्या मशीनला अपलोडची मर्यादा घाल.

राहिला वळीव. फायबर काचेची असते, काचेतून करंट येत नाही, पण जिन्यावरून वर गेलेली तुझी लॅन केबल तांब्याची आहे. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर अजिंक्यताऱ्याकडून काळं व्हायला लागलं की नुसता स्विच बंद करून भागत नाही, भिंतीतली पिन आणि लॅनची पिन दोन्ही काढायच्या. पहिल्या वळवानंतरच्या सकाळी माझ्या दुकानात मेलेल्या पोर्टची रांग असते आणि प्रत्येकजण सांगतो, स्विच बंद होता हो.

आज एवढं कर, वर आयपीकॉन्फिगमध्ये कुठला आकडा येतो, १४७२ चं पिंग जातं का आणि १४६४ चं जातं का, हे तीन वहीत लिही आणि मला कळव. राऊटर घेतलास तर त्याच्या पॅकिंगमधली आखूड केबल जिन्यासाठी पुरणार नाही, लांबी दोऱ्याने मोजून घे, आणि वर एक हात जादा.